चार वाजता मावळणाऱ्या शहरात एकट्याने : साप्पोरोच्या हिवाळ्याची तयारी

जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेटावर साप्पोरो हे जवळपास वीस लाख वस्तीचं शहर आहे आणि तिथे एका हिवाळ्यात सरासरी पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो. सायबेरियाकडून निघालेला कोरडा गार वारा वाटेतल्या समुद्रावर बाष्प उचलतो आणि ते सगळं या बेटावर आणून ओततो. पहिल्यांदाच बर्फ बघायला, तोही एकट्याने, निघालेल्या माणसाला मी हेच शहर सुचवते. इथले लोक या बर्फातूनच ऑफिसला जातात, भाजी आणतात, मुलं त्यातूनच शाळेत जातात. त्यामुळे एकट्या माणसाला लागेल ती सोय शहराने स्वतःसाठी आधीच करून ठेवलेली आहे. ती कुठे आहे एवढं ठाऊक हवं.

निघण्याआधी जो तो थंडीबद्दल विचारतो. थंडीचं कपड्यांनी भागतं. तयारी लागते ती संध्याकाळची. डिसेंबरात इथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो, पाचला मिट्ट काळोख, आणि झोपायला अजून पाच तास असतात. सोबत कुणी असलं की हे तास गप्पांत निघून जातात. एकट्या माणसाला मात्र हॉटेलच्या उबदार खोलीत फोन घेऊन लोळायचा मोह होतो, आणि तीन-चार दिवस तसे गेले की अर्धी सहल खोलीतच संपते. म्हणून दिवसाचे बेत कच्चे राहिले तरी चालतील, संध्याकाळी काय करायचं ते घरून ठरवून निघा.

कधी जायचं

साप्पोरोचा बर्फ महोत्सव फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात असतो. 1950 साली शाळेतल्या मुलांनी ओदोरी बागेत बर्फाचे सहा पुतळे केले, तिथून तो सुरू झाला. आता इमारतीएवढे देखावे उभे राहतात. बघण्यासारखे आहेतच, पण त्या दिवसांत खोल्यांची भाडी वाट्टेल तशी चढतात आणि बागेत गर्दीबरोबर एकाच दिशेने सरकावं लागतं. पहिल्या खेपेला जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा महोत्सव उरकल्यानंतरचा फेब्रुवारी बरा. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सूर्य पाचनंतर मावळतो, आणि डिसेंबरच्या मानाने मिळालेला हा जास्तीचा तास एकट्या प्रवाशाला फार उपयोगी पडतो.

डिसेंबरात बर्फ पडतो, वितळतो, पुन्हा गोठतो, त्यामुळे पायाखाली चिखल आणि काच यांचं मिश्रण असतं. पण ओदोरीत दिव्यांची आरास असते (1981 पासूनची परंपरा) आणि जर्मन धर्तीचा नाताळ बाजारही भरतो, कारण म्युनिक हे साप्पोरोचं भगिनी शहर आहे. नाताळची हौस असेल तर तेव्हा जा.

व्हिसा, विमान, पहिला तास

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी जपानचा ई-व्हिसा एप्रिल 2024 पासून मिळतो. अर्ज व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या केंद्रातून करायचा. रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो, तो साधा ठेवा. 'साप्पोरोत मुक्काम, ओतारूला जाऊन परत' इतकं पुरतं.

मुंबईहून थेट साप्पोरोला विमान नाही. टोकियोत उतरून देशांतर्गत विमानाने साप्पोरोचा न्यू चितोसे विमानतळ गाठायचा. टोकियोचे नारिता आणि हानेदा हे दोन विमानतळ एकमेकांपासून चांगलेच लांब आहेत, तेव्हा एका ठिकाणी उतरून दुसरीकडून उडणारं स्वस्त तिकीट दिसलं तर आधी नकाशा बघा. बुलेट ट्रेन साप्पोरोपर्यंत अजून गेलेली नाही. 2016 पासून ती होक्काइदोच्या दक्षिण टोकाकडच्या शिन-हाकोदाते-होकुतोपर्यंत जाते आणि पुढे एक्स्प्रेसने साडेतीन तास लागतात. रेल्वेचं वेड असेल त्यानेच हा मार्ग धरावा. मला वेड आहे, तरीही पहिल्या खेपेला विमानच घ्या म्हणेन.

न्यू चितोसेच्या तळमजल्याखालीच रेल्वे स्टेशन आहे आणि जलद गाडी साप्पोरोला चाळीसेक मिनिटांत पोचवते. गाडीत बसण्याआधी दोन कामं करा. मशीनवरून 'किताका' कार्ड घेऊन त्यात पैसे भरा, ते मेट्रो, ट्राम, बस आणि बऱ्याच दुकानांत चालतं. आणि एटीएममधून थोडी रोकड काढा, कारण लहान खाणावळींत अजूनही रोख लागते. सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएमवर परदेशी कार्डं चालतात.

मुक्काम : भुयाराच्या तोंडाशी

बर्फात सुटकेसची चाकं फिरत नाहीत. ती बॅग ओढायची राहत नाही, ती फरपटवावी लागते, आणि मदतीला दुसरा हात नसतो. त्यामुळे खोली निवडताना एकच कसोटी लावा : भुयारी रस्त्याच्या दारापासून हॉटेल किती पावलांवर आहे?

साप्पोरो स्टेशनपासून ओदोरीपर्यंत 2011 साली रुंद भुयारी पादचारी रस्ता खुला झाला. स्थानिक लोक त्याला 'चिकाहो' म्हणतात. ओदोरीला तो जुन्या भुयारी बाजारपेठांना मिळतो आणि तसंच पुढे सुसुकिनो या करमणुकीच्या वस्तीपर्यंत जाता येतं. वर हिमवादळ असलं तरी खाली लोक कोट हातावर टाकून, कॉफी पीत चाललेले असतात. वाटेत टेबलं-खुर्च्या मांडलेल्या आहेत, तिथे काहीही विकत न घेता बसता येतं. हॉटेलच्या पानावर 'स्टेशनपासून दहा मिनिटं' असं लिहिलेलं असतं, ती उन्हाळ्यातली दहा मिनिटं. बॅगेसकट बर्फातून त्याची वीस होतात.

कपडे घरून, बूट तिथून

जानेवारीत तापमान दिवसा शून्याच्या आसपास आणि रात्री उणे सहा-सात असतं, कधी उणे दहाच्याही खाली उतरतं. अंगाला चिकटणारं थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं टोपीचं जाकीट. सुती बनियन नको, घाम आला की ते ओलं राहतं आणि बाहेर पडताच गार पडतं. दुकानं, मेट्रो, हॉटेलं आतून भरपूर तापवलेली असतात, म्हणून एकच जाडजूड स्वेटर घालण्यापेक्षा पटकन काढता येतील असे थर बरे. छत्री लागत नाही. कोरडा बर्फ झटकला की पडतो, लोक दारात उभे राहून खांदे झटकतात आणि आत जातात.

बूट मात्र इथून नेऊ नका. आपल्याकडे मिळणारे ट्रेकिंगचे बूट खडकासाठी असतात. साप्पोरोतल्या चपलांच्या दुकानात हिवाळ्यात बर्फावर धरणाऱ्या रबरी तळाचे बूट साध्या किमतीत मिळतात. मापं सेंटीमीटरमध्ये असतात, घरीच पाऊल मोजून ठेवा. फार मोठं पाऊल असेल तर माप मिळायला अडचण येते, अशांनी औषधांच्या किंवा सोयीच्या दुकानांतून बुटांवर चढवायचे काटेरी रबरी पट्टे घ्यावेत. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर ते काढायचे, नाहीतर बाहेर सांभाळून चाललेला माणूस आत येऊन आपटतो.

'काइरो' नावाच्या उष्णतेच्या पुड्या सगळीकडे मिळतात. चिकटवायच्या पुड्या कपड्यावर लावायच्या, कातडीवर कधीच नाही. फोन आतल्या खिशात ठेवा. थंडीत बॅटरी धडाधड उतरते, आणि एकट्या माणसाचा नकाशा, दुभाषा आणि परतीचा पत्ता सगळं त्या फोनमध्ये असतं. हॉटेलचं कार्ड कागदावरही जवळ असू द्या.

चालायला शिकणं

हा भाग दोनदा वाचा. साप्पोरोत दर हिवाळ्यात शेकडो लोकांना घसरून पडल्यामुळे रुग्णवाहिकेतून न्यावं लागतं, आणि त्यात जन्मापासून तिथे राहणारेही असतात. एकट्या प्रवाशाचा घोटा मुरगळला तर सहल तिथेच संपते. म्हणून हाडं मोडण्याचा खर्च देणारा प्रवास विमा घेतल्याशिवाय विमानात बसू नका.

ताज्या, भुसभुशीत बर्फावर कुणी सहसा पडत नाही. दगा देतो तो चौक. पूर्वी इथल्या गाड्यांच्या टायरांना खिळे असत. त्यांनी डांबर खरवडून शहरभर धूळ व्हायची, म्हणून 1990 साली कायदा होऊन ते बंद झाले. नव्या बिनखिळ्यांच्या टायरांनी धूळ गेली, पण सिग्नलला थांबून पुन्हा निघताना ती चाकं जागच्या जागी फिरतात आणि खालचा बर्फ आरशासारखा घासून काढतात. नेमके तिथेच झेब्रा पट्टे असतात.

उपाय चौकातच ठेवलेला आहे. पदपथाच्या कडेला पेट्या असतात. झाकण उचललं की आत बारीक खडीच्या पिशव्या. कुणीही घ्यावी, फोडावी, समोर पसरावी. एका दुपारी ओदोरीजवळ एका आजोबांनी हातातली बाजाराची पिशवी बर्फात टेकवली, पेटीतली खडी काढली आणि पट्ट्यांवर इकडून तिकडे शेतात बी फेकावं तशी फेकत नेली. सिग्नल दोनदा बदलला. मग पिशवी उचलून ते भलत्याच दिशेने निघून गेले, त्यांना तो रस्ता ओलांडायचाच नव्हता. तुम्हीही खडी टाका, पर्यटकाने टाकू नये असा काही नियम नाही.

चालायची रीत सोपी आहे : पावलं लहान, तळवा सपाट टेकवायचा, गुडघे किंचित वाकलेले, हात खिशाबाहेर. हिरवा दिवा लुकलुकायला लागला तर पळायचं नाही, पुढच्याची वाट बघायची. इमारतींच्या अगदी कडेने चालू नका, छपरावरून बर्फाचे ढिगारे आणि सुळके खाली येतात. दोऱ्या बांधून वाट अडवलेली दिसली तर वळसा घाला.

पत्ता म्हणजेच अंतर

जपानी शहरांत पत्ता शोधणं ही शिक्षा असते, साप्पोरो अपवाद. हे शहर एकोणिसाव्या शतकात पट्टी लावून आखलं गेलं. ओदोरी बागेच्या वर 'किता' म्हणजे उत्तर, खाली 'मिनामी' म्हणजे दक्षिण. सोसेई नावाच्या लहानशा नदीच्या पश्चिमेला 'निशि', पूर्वेला 'हिगाशि'. 'मिनामी 4 जो, निशि 3 चोमे' म्हणजे बागेपासून दक्षिणेला चौथी रांग, नदीपासून पश्चिमेला तिसरी. एक ठोकळा साधारण शंभर मीटरचा, त्यामुळे पत्ता वाचतानाच किती चालायचं ते कळतं. सिग्नलच्या खांबांवर हे पत्ते रोमन लिपीतही असतात. हिमवृष्टीत हातमोजे काढून फोन चाळत बसण्यापेक्षा वर बघितलेलं बरं.

एकट्याचं जेवण

जपानात एकट्याने जेवायला जाणं ही रोजची गोष्ट आहे. आत शिरताना एक बोट वर करून 'हितोरि' म्हणायचं. लांब फळीसमोरच्या स्टुलावर जागा मिळते, आणि समोर स्वयंपाक चालू असल्यामुळे 'आता बघायचं कुठे' हा प्रश्न उरत नाही. काही ठिकाणी दाराशीच मशीन असतं, पैसे टाकून चित्राचं बटण दाबायचं आणि चिठ्ठी आत द्यायची. टीप ठेवायची पद्धत नाही, ठेवलीत तर ते मागे धावत येऊन परत देतात.

मांसाहारी असाल तर मिसो रामेन साप्पोरोचीच, आणि 'जिंगिसुकान' नावाचा घुमटाकार तव्यावर भाजायचा मेंढीच्या मटणाचा प्रकारही. ही भट्टी एकट्यासाठी लावून देणारी दुकानं आहेत.

शाकाहारी असाल तर आधीच सांगते, 'व्हेज' म्हणून पुढ्यात आलेल्या ताटातही माशाचा अर्क असू शकतो, कारण तिथल्या बहुतेक रश्शांचा पाया वाळवलेल्या माशाचा असतो. मांस, मासे, अंडी, मासळीचा 'दाशी' म्हणजे अर्क, यांतलं काय चालत नाही ते जपानीत लिहिलेलं चित्र फोनमध्ये ठेवा. साप्पोरोची 'सूप करी' प्रसिद्ध आहे. पातळ मसालेदार रस्सा, त्यात तळलेले बटाटे, भोपळा, भेंडी, कमळकाकडी, शेजारी भात, आणि तिखटपणाचा आकडा तुम्ही निवडायचा. आपल्या जिभेला ती ओळखीची वाटते. पण भाज्यांच्या सूप करीचाही रस्सा बहुधा कोंबडीच्या हाडांचा असतो, तेव्हा रस्सा कशाचा ते आधी विचारा. काही दुकानं भाज्यांचा रस्साही ठेवतात. बाकी होक्काइदोत दुधाचा सुकाळ आहे, जपानच्या निम्म्याहून जास्त दूध इथे निघतं. दूध, चीज, मका, भाजलेला बटाटा यांवर माणूस मजेत राहतो. घरून थोडं मेतकूट आणि दाण्याची चटणी न्या, साधा भात सोयीच्या दुकानात गरम करून मिळतो.

दिवसाचा उजेड कशावर खर्च करायचा

उजेड थोडा, म्हणून दिवसा उघड्यावरच्या जागा. होक्काइदो विद्यापीठ स्टेशनच्या मागेच आहे आणि आवारात फिरायला पैसे नाहीत. 1876 साली शेतकी महाविद्यालय म्हणून त्याची सुरुवात झाली. सकाळी लवकर गेलात तर झाडांच्या रांगांखाली तुमच्याआधी फार थोडी पावलं उमटलेली असतात. मारुयामा बाग आणि तिच्या शेजारचं होक्काइदो देवस्थान मेट्रोच्या तोझाई मार्गाने गाठता येतं.

मोएरेनुमा बागेसाठी अर्धा दिवस काढा. कचऱ्याच्या भरावाच्या जागेवर शिल्पकार इसामू नोगुची यांनी ही बाग कल्पिली. 1988 साली ते गेले आणि बाग पूर्ण व्हायला 2005 उजाडलं. हिवाळ्यात डोंगर, पिरॅमिड सगळं पांढऱ्यात मिसळून जातं आणि मैलभर माणूस दिसत नाही. एकटेपणा मनापासून आवडतो की आपण नुसतं तसं म्हणतो, हे तिथे अर्ध्या तासात कळतं. नाहीच आवडला तर काचेच्या पिरॅमिडच्या आत ऊब आहे. मेट्रो आणि बस करून जावं लागतं, परतीच्या बसची वेळ उतरतानाच टिपून घ्या.

1878 सालचा घड्याळाचा मनोरा शहराचं बोधचिन्ह आहे. उंच इमारतींच्या मधोमध एक छोटं पांढरं लाकडी घर. खुद्द जपान्यांच्या विनोदी 'निराशा करणाऱ्या स्थळां'त त्याचं नाव असतं. तासाचे टोले पडताना समोरून जा आणि पुढे चला.

आणि मग संध्याकाळ

पहिली संध्याकाळ मोइवा डोंगराला द्या. ट्रामने पायथ्याकडे, तिथून रोपवे, वर 531 मीटर. ट्राम 2015 च्या अखेरीस गोल मार्गाची झाली, त्यामुळे चुकून पुढे गेलात तरी फिरून येता येतं. बर्फ साचला की रुळांवरून बांबूच्या कुंच्यांचे मोठे रोलर लावलेली झाडू-ट्राम फिरते, दिसली तर तुमचं नशीब. डोंगरमाथ्यावर जोडप्यांसाठी एक घंटा आहे. ती एकट्याने वाजवली तर कुणी हरकत घेत नाही. जोराचा वारा असेल तर रोपवे बंद असतो, निघण्याआधी चौकशी करा.

दुसऱ्या संध्याकाळी स्नानगृह. अंग आधी बसून साबणाने स्वच्छ धुवायचं, मग विवस्त्र पाण्यात उतरायचं, लहान पंचा पाण्यात बुडवायचा नाही. लाज पहिली पाच मिनिटं वाटते, बायकांच्या बाजूला तर कुणी वर मानही करत नाही. गोंदण असेल तर आत घेतात का ते विचारून जा. जोझानकेइ हे गरम झऱ्यांचं गाव बसने तासाभरावर आहे, तिथे उघड्यावरच्या कुंडात डोक्यावर बर्फ झेलत बसता येतं.

तिसऱ्या संध्याकाळी तानुकिकोजी. छत असलेला हा बाजार सुमारे नऊशे मीटर लांब आहे, त्यामुळे पाय मोकळे होतात आणि घसरायची भीती नाही. रात्र जरा चढली की पार्फे खायला जा. साप्पोरोत रात्रीचा शेवट आइस्क्रीमच्या उंच पेल्याने करायची पद्धत आहे. बाहेर उणे पाच आणि आत लोक ऑफिसच्या कपड्यांत गंभीरपणे आइस्क्रीम खात बसलेले. त्यांच्यातले कितीतरी एकटेच असतात. शाकाहाऱ्यांनी जिलेटिनचं विचारून घ्यावं.

सुसुकिनो ही रात्रीच्या करमणुकीची वस्ती. बाईमाणसाने एकटीने हिंडायला मला तिथे भीती वाटली नाही, पण रस्त्यावर उभं राहून आत बोलावणाऱ्यांच्या मागे कुणीही जाऊ नये, पुरुषांनी तर मुळीच नाही. बाहेर दरपत्रक असेल त्याच दुकानात शिरा.

घरचा फोनही संध्याकाळच्या बेतात धरा. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तिथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा घरी साडेपाचचा चहा चालू असतो आणि फोनवर निवांत बोलायला माणसं मोकळी असतात. रोज त्याच वेळी बोलायचं ठरलं की त्यांची काळजी मिटते, आणि दिवसभर न बोललेलं तोंडही उघडतं. अडचणीत रुग्णवाहिकेसाठी 119, पोलिसांसाठी 110.

ओतारूला एक दिवस

पश्चिमेला लोकलने पाऊण तासावर ओतारू हे बंदर आहे. जाताना उजवीकडे बसा, गाडी काही अंतर अगदी समुद्राच्या कडेने धावते. 1923 साली बांधून झालेला कालवा, दगडी गोदामं, काचेची दुकानं. मिनामी-ओतारूला उतरून उताराने कालव्याकडे चालत जा आणि परतीची गाडी ओतारूहून पकडा, म्हणजे चढ टळतो. उतारही निसरडाच असतो, काटेरी पट्टे जवळ हवेत. फेब्रुवारीत तिथे बर्फातल्या दिव्यांचा उत्सव असतो, पण शेवटच्या गाड्यांना गर्दी मोठी.

परतीचं गणित

फेब्रुवारी 2022 मध्ये एवढा बर्फ पडला की साप्पोरो भागातली रेल्वे बंद पडली. असं दरवर्षी होत नाही, पण होतं. टोकियोहून भारताकडे निघायचं विमान आणि साप्पोरो सोडायचं विमान एकाच दिवशी ठेवू नका, मध्ये एक रात्र टोकियोत काढा. पहाटेचं विमान असेल तर आदली रात्र विमानतळाजवळ काढावी. न्यू चितोसेच्या इमारतीतच गरम पाण्याचं स्नानगृह आहे, उशीर झालेल्या विमानाची वाट तिथे बघता येते. बूट निघण्याआधी रात्रभर वर्तमानपत्र कोंबून वाळवा, ओले बॅगेत भरले तर त्यांचा वास मुंबईपर्यंत सोबत करतो. काटेरी पट्टे हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या बॅगेत टाका, म्हणजे सुरक्षा तपासणीत समजावत बसायला नको.